केलेपीची दोन खाचांची पट्टी

सुवा बंदराच्या धक्क्यावर केलेपीला सगळे तेलवाला म्हणत, आणि त्याचा त्याला राग नव्हता. माणूस बुटका, रुंद, डोक्यावर केसाचं नाव नाही. पण भुवया एवढ्या दाट की पाऊस आला तरी डोळे कोरडे राहावेत. जन्म कान्दावू बेटावरचा, शाळा आठवीपर्यंत. पुढची बावीस वर्षं सोन्याच्या खाणीच्या वर्कशॉपात इंजिनं धुण्यात गेली. तिथं सोनं त्याला कधी दिसलं नाही, पण तेलाचा वास मात्र नाकात असा मुरला की बायको, वासिती, म्हणायची, "हा माणूस चहासुद्धा आधी हुंगतो आणि मग पितो."

खाणीतून माणसं कमी केली तेव्हा तो सुवाला आला. बोटींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीनं त्याच्या हातात एक पत्र्याची पेटी दिली. पेटीत तेल ओढायची रबरी नळीची पिचकारी, टीपकागद, आणि दोन खाचांची एक पट्टी. एका खाचेत कोरं तेल, दुसरीत इंजिनातलं. पट्टी तिरकी केली की दोन्ही तेलं खाली धावतात. बरोबरीनं धावली तर ठीक. इंजिनातलं पुढं पळालं तर ते पातळ झालंय, म्हणजे बहुतेक त्यात डिझेल उतरलंय. मागं रेंगाळलं तर काजळीनं घट्ट झालंय. एवढंच. पण एवढंच करायलाही एक शिस्त होती: दोन्ही तेलं सारखीच कोमट हवीत. इंजिनातून काढलेलं गरम तेल तसंच ओतलं तर ते कोऱ्यापुढं पळणारच. म्हणून केलेपी दोन्ही वाट्या सावलीत शेजारी शेजारी ठेवायचा, पंधरा मिनिटं थांबायचा, आणि तेवढ्या वेळात कुणाला तरी एखादी गोष्ट सांगायचा. गोष्ट संपेपर्यंत तेल निवायचं.

एकदा धक्क्यावरच्या टवाळांनी त्याला फसवायला खोबरेल तेलात काजळी कालवून दिलं. केलेपीनं बोट बुडवून चाटलं आणि कागदावर लिहून दिलं, "इंजिन उत्तम. यात मासे तळावेत." तो कागद महिनाभर चहाच्या टपरीवर चिकटवलेला होता.

पण खरी गंमत त्याची आणि वाईसेयाची. वाईसेया हा 'आदी लोसाना' या बोटीचा कप्तान, केलेपीच्या मामाचा मुलगा. तिकडे मामेभाऊ-आतेभाऊ एकमेकांना 'तवाले' म्हणतात, आणि तवाले म्हणजे थट्टेचा परवाना. एकमेकांना वाटेल ते बोलावं, फसवावं, ताटातला घास उचलावा, चिडायचं नाही. चिडला तो हरला. मागच्या नाताळात केलेपीनं इंजिनातल्या तेलाची वाटी गुपचूप उकळत्या किटलीच्या झाकणावर ठेवली, मग पट्टीत ओतून वाईसेयाला दाखवली. तेल सशासारखं पळालं. वाईसेयाचा चेहरा उतरला. त्यानं तासभर बोट अडकवून ठेवली, आणि शेवटी केलेपीला हसू आवरेना तेव्हा सगळा धक्का हसला. वाईसेयाही हसला. पुढच्या आठवड्यात त्यानं केलेपीच्या डब्यातला उकडलेला कसाव्याचा कंद काढून तिथं लाकडाचे तुकडे ठेवले. फिट्टंफाट.

म्हणूनच त्या शनिवारी केलेपीची पंचाईत झाली.

'आदी लोसाना' दुपारी बाराला कान्दावूला निघायची होती. तिथल्या नव्या चर्चचं रविवारी उद्घाटन. डेकवर सत्तर माणसं, चटयांच्या गुंडाळ्या, दोरीनं बांधलेली चार डुकरं, आणि गाणाऱ्या बायकांची म्होरकी मेरेसेनी आजी. रविवारी कुणी बोट सोडत नाही, त्यामुळं जायचं तर आजच. केलेपी दहाला इंजिनखोलीत उतरला. तिथला मिस्त्री नेमानी, पांढऱ्या केसांचा भला माणूस, आनंदानं पुढं आला.

"अरे तेलवाल्या, ही बया आता तेल पीत नाही बरं! तीन आठवडे एक थेंब घातला नाही. उलट वाढतंय. बघ."

त्यानं तेलाची पातळी बघायची काडी काढून दाखवली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"गेल्या रविवारी प्रार्थनेत मी उठून देवाचे आभार मानले," नेमानी म्हणाला. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

केलेपीनं काडी नाकाशी नेली. न घालता तेल वाढतं ते बहुधा एकाच कारणानं: डिझेलचा फवारा मारणारी नोझल गळते, न जळलेलं डिझेल खाली तेलात उतरतं. त्यानं तेल काढलं, वाट्या ठेवल्या, पंधरा मिनिटं थांबला. या वेळी गोष्ट सांगितली नाही. पट्टी तिरकी केली. कोरं तेल अर्ध्यावर येईपर्यंत इंजिनातलं टोकाला पोचलं होतं. टीपकागदावर थेंब सोडला तर काळ्या ठिपक्याभोवती फिकट, तेलकट कडं पसरलं.

असं तेल घेऊन पाच-सहा तास खुल्या समुद्रात जायचं, आणि संध्याकाळी खडकांमधल्या अरुंद वाटेतून आत शिरायचं. तिथं पातळ तेलात घासून इंजिन जाम झालं तर लाट बोटीला दोन मिनिटांत खडकावर नेते. केलेपी त्याच किनाऱ्यावर वाढला होता. ती वाट त्याला ठाऊक होती.

तो वर गेला. वाईसेया सुकाणूजवळ उभा राहून डबाबंद मासळीचा पाव खात होता.

"तवाले, बोट सोडू नकोस. तेलात डिझेल आहे."

वाईसेयानं पाव खाली ठेवला आणि मान मागं टाकून हसला. "आली का किटली?"

"किटली नाही. खरं सांगतोय."

"नाताळातही खरंच सांगत होतास. तेव्हा तर डोळ्यात पाणी आणलं होतंस!"

"हे बघ, पट्टी बघ."

"पट्टी तुझी, वाटी तुझी, चेहरा तुझा. मी काय बघू?" खाली चटईवर बसलेल्या बायकांकडे वळून तो ओरडला, "तेलवाला म्हणतोय बोट बुडणार!" बायका खदखदून हसल्या. मेरेसेनी आजी म्हणाली, "त्याला म्हणावं, तुझ्या डोक्यावरचं तेल तपास, केस का उगवत नाहीत ते कळेल!"

केलेपीनं आणखी दोनदा सांगून बघितलं. जितकं कळवळून सांगावं तितकं लोक जास्त हसत. त्याच्या तपासणीचा कागद कंपनीच्या ऑफिसात सोमवारी पोचणार. आज बोट सोडायची की नाही हे त्या हसणाऱ्या माणसाच्या हातात. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

तो धक्क्यावर उतरला. लोकांना वाटलं हरला, चालला घरी. तो सरळ कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि यांगोना नावाच्या झुडपाच्या मुळ्यांची एक जुडी घेतली. चांगल्या जाड मुळ्या, वर्तमानपत्रात बांधलेल्या. तिकडे लग्न मागायचं, अपराधाची क्षमा मागायची, मोठ्या माणसाला विनंती करायची, तर या मुळ्या पुढं ठेवून. आणि मुळ्या ठेवल्या की थट्टा बंद. तवाले असो नाही तर कुणी.

केलेपी डेकवर आला, चप्पल काढली, वाईसेयाच्या समोर मांडी घालून बसला. जुडी दोन्ही हातांनी पुढं धरली आणि मान खाली घातली. डेकवरची कुजबुज एकेक करून थांबली. एका पोराला त्याच्या आईनं ओढून खाली बसवलं.

"नामुआनाच्या घराण्याच्या थोरल्या मुला," केलेपी वाईसेयाला घराण्याच्या नावानं हाक देत म्हणाला. "या लहानशा मुळ्या आपल्यापुढं ठेवतो. आपल्या बोटीच्या इंजिनात डिझेल उतरलं आहे. या सत्तर माणसांना आपण आज समुद्रावर नेऊ नये, एवढंच मागायला आलो आहे. नाताळात मी आपल्याला फसवलं, त्याचीही क्षमा याच मुळ्यांत आहे."

वाईसेयालाही बसावं लागलं. त्यानं मुळ्यांना हात लावला की मागणं मान्य. नाही लावला तर नाही. त्यानं मेरेसेनी आजीकडे पाहिलं. तिनं वर्षभर त्या चर्चसाठी चटया विणल्या होत्या. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"वाट्या आण," वाईसेया म्हणाला.

केलेपीनं वाट्या आणल्या. वाईसेयानं एका वाटीत एक बोट बुडवलं, दुसरीत दुसरं. दोन्ही सारखीच निवलेली. मग इंजिनातल्या तेलाचं बोट अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं. बराच वेळ तिथंच ठेवलं. नंतर त्यानं मुळ्यांच्या जुडीवर तळवा टेकवला आणि ओंजळीच्या आकारात हात जुळवून तीन टाळ्या दिल्या. डेकवरच्या सगळ्यांनीही दिल्या. मेरेसेनी आजीनं सगळ्यांत शेवटी.

डुकरं उतरवताना तिनं केलेपीला जाता जाता ऐकवलं, "सोमवारी इंजिनात काही निघालं नाही ना, तर तुझ्या भुवया मी उपटीन."

रविवारची प्रार्थना त्यांनी धक्क्यावरच्या गोदामात केली. सोमवारी नेमानीनं इंजिन उघडलं. दोन नोझली नळासारख्या गळत होत्या. खालच्या एका बेअरिंगचा राखाडी थर झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं. नेमानी ते बेअरिंग हातात घेऊन पायरीवर बसला. "मी डिझेलबद्दल देवाचे आभार मानले," तो म्हणाला.

"परत मान," केलेपी म्हणाला. "या वेळी शनिवारबद्दल."

वाईसेयानं ते तांबं बोटानं चाचपलं. मग केलेपीच्या शेजारी उकिडवा बसला.

"एवढ्यासाठी मुळ्या कशाला आणल्यास? नुसतं सांगितलं असतंस तरी ऐकलं असतं मी."

"खोटं बोलतोस."

"हो," वाईसेया म्हणाला, आणि नवं बेअरिंग आणायला धक्क्यावर चढला.