नुसत्या इंजिनाचा फोटो

माणसांच्या चेहऱ्यांचा आमच्या फोटोवाल्या चाचांना जितका वैताग आहे तितका अख्ख्या कारंज्यात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि गंमत अशी की गावातले निम्मे चेहरे त्यांनीच काढून ठेवलेले आहेत. मी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हापासून त्यांचा स्टुडिओ आमच्या घराच्या भिंतीला लागून आहे. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाला स्टुलावर बसवलं की चाचा असा काही सुस्कारा टाकायचे, की आपण हे तोंड घेऊन इथं आलोच कशाला असं त्या बापड्याला वाटावं. "हनुवटी वर करा. एवढी नाई. आता काहून हसून राह्यले? फोटो नोकरीच्या अर्जाचा हाय, वरातीचा नाई." मग फोटो झाला की दिवे मालवता मालवता त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "याहून इंजिन बरं. सांगतलं नाई तरी सरळ उभं राह्यते."

इंजिन म्हणजे आमच्या छोट्या गाडीचं, कोळशाचं. मुर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळकडे जाणारी ही अरुंद रुळांची गाडी इतक्या निवांतपणे चालायची की प्रवासी मध्येच उतरून बोरं वेचायचा, पुन्हा आपल्याच डब्यात चढायचा आणि तोवर शेजाऱ्यानं त्याची जागा राखलेली असायची. या इंजिनांच्या जागी डिझेलची येणार आणि जुनी भंगारात जाणार, अशी बातमी आली त्या दिवसापासून चाचांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. इंजिन जाण्याआधी त्यांना त्याचा एक फोटो हवा होता. वर काळा धूर, खाली रूळ, मध्ये इंजिन, आणि आसपास माणूस नावालाही नाही. एवढीच मागणी होती, पण ती त्यांनी आमच्या वऱ्हाड मुलखात केली होती.

या ध्यासाचा पहिला फटका गावातल्या लग्नांना बसला. छत्तीस फोटोंच्या रोलमधले तीस लग्नाला आणि सहा इंजिनाला, असा त्यांनी मनाशी कायदाच करून टाकला. माझं लग्न शेलूबाजारला झालं. आम्ही नवरा-बायको एकमेकांच्या गळ्यात हार घालेपर्यंत चाचा खुशीत होते, पण जेवणाच्या पंगती बसल्या तसे ते सारखे घड्याळ पाहू लागले आणि व्याह्यांची भेट व्हायच्या आत लुनावर बसून कारंज्याची गाडी गाठायला पसार झाले. पुढे अल्बम आला तेव्हा शेवटच्या पानावर, माझ्या बायकोच्या रडवेल्या चेहऱ्याशेजारी, इंजिन. नजरचुकीनं चिकटलं असेल म्हणावं, तर त्याला चारही कोपऱ्यांना चांदीचे कागदी कोपरे लावलेले. माझ्या सासूबाईंनी चष्मा पुसून विचारलं, "हे तुमच्याकडचे कोन पाव्हने?"

तरी त्या अल्बममधलं इंजिनसुद्धा एकटं नव्हतंच. त्याच्यापुढे धनजचा एक दूधवाला दोन्ही हातांत कॅन घेऊन उभा होता. चाचांचं खरं दुःख ते हेच. आमच्याकडे कुणी कॅमेरा रोखला की त्याच्यासमोर जाऊन उभं राहणं हा शिष्टाचार आहे. एवढं सामान घेऊन माणूस उन्हातान्हात आला आणि त्याला काढायला कुणीच नाही, हे आमच्या लोकांना बघवत नाही. मी कितीदा तरी चाचांच्या लुनावर मागे बसून, कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड छातीशी धरून रुळाकाठी गेलो आहे. गाडी दिसली की चाचा श्वास रोखायचे. ड्रायव्हरला कॅमेरा दिसला की तो गाडी थांबवायचा, खिशातून कंगवा काढायचा आणि म्हणायचा, "थांबा चाचा, तोंडावरचा कोयसा पुसू द्या." तोवर डबे रिकामे झालेले असायचे. बायाबापड्या पदर सारखे करून पुढे, लेकरं त्यांच्याही पुढे, म्हातारे टोपी नीट करून मध्यभागी, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर इंजिनाचं धुराडं तेवढं उरलेलं. चाचा "हटा, हटा" म्हणून हात हलवायचे. त्याचा अर्थ सरकून घ्या असा घेऊन लोक आणखी चार जणांना सामावून घ्यायचे.

एकदा एक गोरा साहेब याच इंजिनांचे फोटो काढायला आला. शिकलेला माणूस आपल्याला दाद देईल म्हणून चाचा नवी पँट घालून स्टेशनवर गेले. साहेब दिवसभर हिंडला आणि त्यानं पानवाला काढला, बकरी काढली, घुंगट घेतलेल्या चार बाया काढल्या, आणि निघताना चाचांना मिठी मारून तो निघून गेला. चाचा आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवत राहिले, "समुंदर पार करून आला, अन् गर्दी काढून गेला. गर्दी काय त्याच्या मुलकात भेटत नाई?"

चाचांची तळमळ कळली ती फक्त एका माणसाला. इंझोरीचा एक फायरमन होता, भट्टीत कोळसा घालणारा, अंगानं किडकिडीत आणि स्वभावानं भलता हौशी. कोळशाचं इंजिन शेवटचं धावायचं ठरलं तेव्हा तोच निरोप घेऊन आला. शेवटच्या दिवशी पुढारी येणार, हार-तुरे होणार, म्हणजे चाचांच्या फोटोचा निकाल लागलेलाच. पण आदल्या दिवशी सकाळी इंजिन डब्यांशिवाय, रिकामंच, पाणी भरायला येणार होतं. फायरमन म्हणाला, "गावाबाहीर बाभळीपाशी उभे राहा चाचा. तुमच्यासाठी असा धूर काढतो, का पाहातच राहसान."

आम्ही दोघं उजाडताच जाऊन उभे राहिलो. आसपास चिटपाखरू नव्हतं. इंजिन वळणावर आलं आणि त्यानं असा काळाभोर धूर सोडला की माझ्यासारख्या इंजिनाचं काही सोयरसुतक नसलेल्या माणसाचंही भान हरपलं. ड्रायव्हर शहाणा, तो आत वाकून दिसेनासा झाला. पण फायरमननं डोक्याला बांधलेला गमछा सोडून तोंड पुसलं आणि खिडकीतून अर्धा बाहेर आला. "चाचा, मी राहू का इथं कोपऱ्यात?"

"खाली बस," चाचा ओरडले. "माह्या इतक्या वर्साची मेहनत हाय. बस खाली."

तो मुकाट्यानं खाली बसला. चाचांनी बटण दाबलं. इंजिन थांबल्यावर फायरमन उतरून आला आणि लाजत म्हणाला, "आता माहा एक काढा." रोलमध्ये दोन फोटो शिल्लक होते. चाचांनी कॅमेऱ्यावर झाकण लावलं. "उद्या काढू ना. उद्या गर्दीचाच दिवस हाय." दुसऱ्या दिवशी पुढारी इंजिनावर चढले, पुढाऱ्यांचे पुतणे चढले, आणि फायरमन आत कोळसा मारत राहिला.

तो फोटो मोठा करून चाचांनी स्टुडिओच्या भिंतीवर लावला. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "यात कोन हाय?" कुणी नाही म्हटलं की हळहळायचा. पुढे डिझेल आलं, मग गाडीच बंद झाली आणि रुळांवर गवत वाढलं. आणि गाडी गेल्यावर गावाला तिचं प्रेम आलं. ती चालू असताना तिच्यात बसायला ज्यांना कमीपणा वाटायचा, तेच आता मोबाइलवर तिच्या आठवणींनी गहिवरतात. अशा एका मंडळानं चाचांकडे तो फोटो मागितला. इंजिनाच्या चारी बाजूंनी पदाधिकाऱ्यांचे चेहरे लावून मोठा फलक करायचा होता. चाचांनी त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच परत लावलं.

वाया गेलेल्या, गर्दीच्या फोटोंची मात्र एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसं येतात. "माह्या बापाचा एक बी फोटो नाई घरी, पण तो इंजिनापुढं उभा राह्यला होता म्हनतेत." चाचा कुरकुरतात, आमचा फोटो नासवणारा तो तुमचाच बाप का म्हणतात, आणि मिनिटभरात नेमका फोटो काढून हातावर ठेवतात. कुणी कोणती टोपी घालून इंजिनाचा कोणता भाग झाकला होता, हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्या फायरमनची बायको आली. फायरमन वारला होता. "आमच्या ह्यायचा आधार कार्डावरचा फोटो ओयखू बी येत नाई," ती म्हणाली. "इंजिनावरचा असन तर द्या. चाचा लई फोटो काढत म्हनून सांगत होते." चाचांनी पेटी उघडली. मीही शेजारी बसून पाहू लागलो. दुपार कलली तरी त्यात दूधवाला सापडला, पुढारी सापडले, फायरमन कुठंच सापडला नाही. मला बाभळीपाशी झाकण लावलेला कॅमेरा आठवत होता, त्यांनाही तोच आठवत असणार, पण आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग ते स्टुलावर चढले आणि त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून, बाहीनं पुसून तिच्या मांडीवर ठेवला.

"याच्यात कुठी हायेत ते?" तिनं विचारलं.

"इथं," चाचांनी खिडकीच्या खाली बोट ठेवलं. "आत बसेल हाय. मीच बसवलं त्याले. अन् हा धूर पाहून राह्यल्या ना बाई? हा त्यानं काढेल हाय. माह्यासाठी."

तिनं त्या धुरावरून हात फिरवला, फोटो पदरात गुंडाळला आणि ती इंझोरीची जीप गाठायला गेली. त्या फोटोची निगेटिव्ह कधीच बुरशीनं खाल्ली होती, हे मला माहीत होतं. मला त्या वेळी चाचांबद्दल जे वाटलं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी मलाही पायरीवरूनच परत लावलं असतं.

भिंतीवर आता नुसता खिळा आहे. त्याच्या खाली स्टुलावर माणसं येऊन बसतात, चाचा पहिल्यासारखेच त्यांच्या हनुवटीवर चिडतात. फक्त ते इंजिनाचं वाक्य त्यांनी सोडून दिलंय. फोटो निघाला की माणूस उठायला लागतो, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवतात आणि म्हणतात, "बसा जराक. आनखी एक काढून ठिवतो."