विहिरीचा खोडलेला आकडा

हे आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, देवापाशीही नाही. आता सांगते. कीव मात्र करू नका, मले ती नको.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत मी आकडेमोडीला होते. भिंतीवर तालुक्याचा नकाशा, त्यावर तीनशे विहिरी, जवळजवळच्या विहिरी रेघांनी जोडलेल्या. पाणी किती हातांवर आहे ते माणसं दोर सोडून मोजत, अन् मोजण्यात चुकाही करत. शेजारच्या विहिरींचं पाणी सहसा सारख्याच खोलीवर असतं, म्हणून रीत अशी — दर रेघेची एक चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात. डबा हलवायचा, न बघता एक काढायची, त्या रेघेवरच्या दोन विहिरींचे आकडे जरासे जवळ आणायचे. मग प्रत्येकाला त्याच्या मोजलेल्या आकड्याकडे थोडं मागे ओढायचं. चिठ्ठी परत डब्यात. आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच! अख्ख्या तालुक्याचं गणित एका दमात कुणाच्या बापाला सुटणार होतं? लोक हसत — चिठ्ठ्या काढून विहिरी खोदता का म्हणून. हसोत. रीत चोख होती. खोट माझ्यात होती.

बौद्ध वस्तीची विहीर काही आकड्यांचा तक्ता बसू देईना. आजूबाजूला बावीस हातांवर पाणी, अन् हिचा चाळीस हातांवर तळ — कोरडा ठक्क. तिच्या रेघेची चिठ्ठी निघाली की शेजारचे आकडे पुन्हा बिघडत. सोमवारी तक्ता साहेबांपुढे जायचा होता. मला शाबासकी हवी होती — दुसरं कारण सांगू कावून? मी तिचा मोजलेला आकडा खोडला. बावीस लिहिला. तासाभरात सगळं गुमान बसलं.

कागदावर पाणी लागलं, म्हणून सरकार खोदणार त्या नव्या विहिरींच्या यादीतून वस्ती गळली. मोजणी करणारा काशिनाथ त्याच वस्तीतला. "दोर म्या सोताच सोडला होता जी, कोरडीच हाय थे इहीर," तो साहेबांना सांगत राहिला. साहेबांनी त्यालाच झापलं, मोजणीवरून काढलं. मी तिथंच टेबलाशी होते. पुढच्या तालुक्याची चिठ्ठी काढली.

सहा उन्हाळे त्याच्या मायनं कोसभरावरून पाणी वाहिलं. मग वस्तीनं स्वतःच ओढ्याकाठी विहीर खोदली. पहिल्या पाण्याला काशिनाथनं मला बोलावलं; आकडा कुणी खोडला ते त्याला ठाऊक नव्हतं. गेले. सगळ्यांदेखत त्याच्या मायच्या हातचं पाणी प्याले. भटाघरची बाई आपल्या वस्तीत पाणी प्याली, केवढं मोठं मन — जो तो माझं कौतुक करत होता.

ते कौतुक मी घेतलं. हात जोडून घेतलं.