गच्चीवरच्या तळ्याची राखण

सातपूरच्या एका कारखान्यात मी उभी हयात नापास करण्याचा पगार घेतला. माणसांना नव्हे, बोल्टांना. मी तपासनीस होतो. गेज लावायचं, डोळा बारीक करायचा आणि बोल्ट लाल डब्यात टाकायचा. पुढे पुढे तर मी नुसता समोर येऊन उभा राहिलो की खोटे बोल्ट आपणहून लाल डब्यात उड्या मारायचे, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. निवृत्तीनंतर गेज कारखान्यात राहिलं, पण डोळा तेवढाच बारीक राहिला. आजही दूधवाला आला की मी दुधाकडे बघतो आणि दूध खाली बघतं.

तर अशा माणसाच्या घराची गच्ची गळायला लागली.

घर म्हसरूळला. वडिलांनी बांधलेलं, आता आम्हा दोघा भावांच्या नावावर. दादा राहतो गंगापूर रोडला, लिफ्ट असलेल्या इमारतीत. आमच्याकडे तो येतो वर्षातून दोनदा. एकदा दिवाळीला, एकदा संक्रांतीला. संक्रांतीला येतो तो पतंग उडवायला, कारण त्याच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं. या वर्षी तो तिसऱ्यांदा आला, तेही ऐन उन्हाळ्यात, आणि रिकाम्या हाताने. तिथेच मला वास आला.

चहा होईपर्यंत त्याने वरच्या खोलीचं छत पाहून घेतलं. गेल्या पावसाळ्यात तिथे एक डाग पडला होता. आधी पुरीएवढा, मग परातीएवढा, आणि नवरात्रापर्यंत त्यात पेठ तालुक्याचा नकाशा घाटरस्त्यासकट दिसायला लागला होता. दादा म्हणाला, बिल्डर दोन फ्लॅट देतोय, तू सही कर. मी म्हणालो, मला फ्लॅट नको, मला हेच घर पाहिजे. तो म्हणाला, हे घर आहे की गाळणी? त्यावरून शब्द वाढला आणि शेवटी ठरलं ते असं. पावसाळ्याच्या आत गच्ची मी दुरुस्त करायची. मग गच्चीवर तळं करायचं, म्हणजे कडेने मातीचा बांध घालून तीन दिवस पाणी साठवून ठेवायचं. खाली एक थेंब जरी आला तर मी सही करायची. नाही आला तर दादाने बिल्डरचं नाव काढायचं नाही.

पैशांचं म्हणाल तर नव्या फ्रिजसाठी बाजूला टाकलेले तेवढेच होते. बायकोने ते दिले आणि फ्रिजच्या जागेवर एक मोठा माठ आणून ठेवला, मला रोज दिसेल असा. दोन मिस्त्री येऊन गेले. दोघांनी वर बघितलं, खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि असा आकडा सांगितला की त्यात मुलीचं लग्न झालं असतं, आणि मला मुलगी नाही. मी दोघांना लाल डब्यात टाकलं. म्हटलं, आपणच करू. थापी काय, गेजचीच बहीण.

दिंडोरी रोडवरच्या दुकानात मी पिशवीतून काचेचा ग्लास, मिठाची पुडी आणि पाण्याची बाटली घेऊन गेलो. दुकानदार नदीची वाळू आहे म्हणाला. आजकाल नदीची वाळू म्हणजे वाघाचं दूध. मी ग्लासात मूठभर वाळू घातली, मिठाचं पाणी ओतलं, ढवळलं आणि स्टूल मागवून ग्लाससमोर बसलो. वाळू खाली बसते, माती वर थर धरते. जेवढा थर जाड तेवढी लबाडी जाड. दुकानदार गिऱ्हाइकं सोडून माझ्याकडे बघत होता. अखेर न राहवून म्हणाला, "काका, वाळू घेताय का पोरीसाठी स्थळ बघताय?"

मी म्हणालो, "स्थळ असतं तर एवढा वेळ लावला नसता."

थर बोटभर जाड निघाला. मी दगडाचा चुरा, ज्याला हे लोक क्रश सँड म्हणतात, तो घेतला. तो निदान स्वतःला नदीचा म्हणवत नाही. मग सिमेंट. गोणीत कोपरापर्यंत हात घातला. ताजं सिमेंट हाताला गार लागतं, जुनं कोमट. अशा मी इतक्या गोण्या चाचपल्या की संध्याकाळपर्यंत माझा उजवा हात जुन्या काळच्या पुलासारखा कडक झाला आणि बायकोने तो कोमट पाण्याने सोडवला. विटांचे तुकडे एका पाडलेल्या घराच्या ढिगातून आणले. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे, खणखणीत वाजला तर पास, भद्द झाला तर लाल डबा. वर लावायला पांढऱ्या फरशीचे तुकडे एका शोरूमच्या मागे फुकट पडलेले मिळाले. फुकट म्हटल्यावर मला जास्तच संशय आला आणि मी एकेक तुकडा पलटून पाहिला. तडे होते, पण तुकड्याला तडा असणार नाही तर काय असणार.

राहिली ती गळती रोखायची पावडर. डब्यावर एक माणूस छत्री मिटून हसत होता. मला हसणाऱ्या डब्याचा भरवसा नाही, असं मी त्याच दुकानदाराला सुनावलं. वडिलांच्या वेळी चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे, हे मी लहानपणी ऐकलं होतं. जुन्या बांधकामांत कुठे डबा होता? मी ठरवलं, गूळ. त्यातही पिवळा गूळ पाहिला की मला त्यातली भेसळ दिसते, म्हणून काळा, ओघळणारा, भेली धरली की पुन्हा हात सोडत नाही असला गूळ आणला. घमेल्यात चुना आणि गूळ कालवला आणि नमुना म्हणून डागाच्या बरोबर वर, गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, परातभर जागेवर फासला. माझा अंदाज होता की पाणी तिथूनच शिरतं.

सकाळी वर गेलो तर गच्ची हलत होती.

मुंग्या. एवढ्या मुंग्या म्हसरूळमध्ये नाहीत. या सुरगाण्याहून जीप भरून आल्या असणार, टपावर बसून. पण मला संशय आला तो त्यांच्या रांगेचा. गूळ पूर्वेला, आणि रांग चालली होती सरळ पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या मागे. तिथे एका जागी सगळ्या मुंग्या स्लॅबमध्ये नाहीशा होत होत्या. मी खाली धावलो. वरच्या खोलीत, डागाच्या कडेने, त्याच बाया तोंडात गूळ घेऊन बाहेर येत होत्या. म्हणजे पाणी टाकीमागून शिरत होतं आणि स्लॅबच्या पोटातून तिरकं चालत पूर्वेला येऊन टपकत होतं. मी पूर्वेचा कोपरा खणून काढला असता, सगळं सामान तिथे ओतलं असतं आणि सही करून मोकळा झालो असतो.

टाकीमागची जागा छिन्नीने उकरली. आतून निघाली एक गंजलेली लोखंडी मेख, डोकं तुटलेली, स्लॅबमध्ये रुतून बसलेली. ही मी ओळखली. संक्रांतीला दादा गच्चीवर कापडी मांडव घालतो, त्याखाली स्पीकर ठेवतो आणि मांडवाच्या दोऱ्या ताणायला चार मेखा ठोकतो.

मेख हातात धरून मी तिथेच बसलो आणि माझ्या डोक्यात खटला सुरू झाला. बिल्डर दादाचा मित्र. मेख दादाची. ठोकली टाकीमागे, जिथे कोणी जात नाही. तुटकी ठेवली, म्हणजे दिसू नये. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "भाऊजींना भिंतीत खिळा नीट ठोकता येत नाही, ते कट कसला करणार?" पण मी मेख पुसली, कागदात गुंडाळली आणि पुराव्यासाठी खिशात ठेवली.

मग भोक भरलं, विटांचे तुकडे अंथरले, त्यावर सिमेंटचा कोबा केला, वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले. गुळाचं नाव काढलं नाही. हसणाऱ्या डब्यातली पावडर आणली, पण दुसऱ्या दुकानातून आणि कापडी पिशवीत घालून, म्हणजे पहिल्या दुकानदाराला दिसायला नको. उन्हात ती गच्ची अशी चमकायची की वरून जाणारी विमानं ओझरला उतरायच्या आधी डोळे चोळत असतील.

तळं करायच्या दिवशी दादा पिशवीत कपडे घेऊनच आला. मी म्हटलं, मुक्काम? तो म्हणाला, तीन दिवस तू इथे एकटा, पाण्याला पाट काढून दिलास तर मला कसं कळणार. मी म्हटलं, आणि तू खाली छतावर तांब्याभर पाणी मारलंस तर? असं म्हटल्यावर राखण आपोआप वाटली गेली. तो वर, तळ्याकाठी छत्री लावून, माझ्यावर संशय घेत बसला. मी खाली, खाटेवर उताणा, डागावर डोळे लावून, त्याच्यावर संशय घेत पडलो. दादाने कठड्यावर खडूने पाण्याची रेघ मारली आणि रेघेखाली सही केली. बायको मधल्या जिन्यावरून दोघांना चहा पोहोचवत होती. पहिल्याच फेरीत ती पाण्याने भरलेली पितळी परात घेऊन वर गेली आणि कठड्याजवळ ठेवून आली. दादाने विचारलं, तर म्हणाली, पाखरांना. घरात दोन अट्टल संशयी माणसं, पण परातीवर कोणी संशय घेतला नाही.

छत कोरडं राहिलं. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. मी एवढा वेळ वर बघत होतो की माझी मान तशीच राहिली आणि जेवताना बायकोला घास वरून सोडावे लागले. तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी जिना चढून वर गेलो. दादा कठड्याशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या तोंडावर मला नको असलेलं समाधान होतं.

"ये. ही रेघ बघ आणि पाणी बघ."

पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

"ऊन आहे," मी म्हणालो.

"ऊन पाणी पितं, मान्य. पण एवढं? कुठेतरी मुरतंय रे. आज मुरेल, उद्या गळेल. तू सहीचा कागद आणून ठेव."

 तपासनीस असूनही माझ्याकडे उन्हाचं माप नव्हतं. त्याचं म्हणणं खोटं आहे हे मला दाखवता येईना, आणि खरं सांगतो, ते खोटं आहे याची मलाही खात्री वाटेना. स्वतःच्या कामावर संशय आला की माणूस कुठे तक्रार करणार?

बायको रिकामे कप न्यायला आली होती. ती म्हणाली, "भाऊजी, परातीत बघा."

परात तिने काठोकाठ भरून ठेवली होती. आता तिच्यातलं पाणी दोन बोटं खाली होतं. दोन बोटांहून कणभर जास्तच.

दादा परातीवर वाकला. मग म्हणाला, "पाखरं प्यायली असतील."

"मग ती पाखरं तुमच्या तळ्याला शिवली नाहीत का? एवढं मोठं तळं सोडून माझ्या परातीवरच कशी आली?"

 दादाने परात उचलली, पाणी तळ्यात ओतलं, परात डोक्यावर उलटी धरली आणि बुडाला कुठे भोक आहे का ते आकाशाच्या उजेडात तपासलं. बोट फिरवलं. कडेला वाजवून पाहिली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही एकाच आईची मुलं आहोत.

मग त्याने परात खाली ठेवली, चपलेने नव्या कोब्यावर दोनदा ठोकलं आणि विचारलं, "आणि आता माझ्या मांडवाच्या मेखा कुठे ठोकायच्या?"

मी खिशातून मेख गुंडाळलेला कागद काढला. तीन दिवस मी आरोपाचं वाक्य जुळवत होतो, न्यायाधीशासारखं, शब्दाला शब्द लावून. पण मेख बघताच दादाच माझ्यावर उखडला.

"म्हणजे ही इथेच होती. दोन वर्षं मी म्हणतोय, चारातली एक गेली कुठे. मला वाटलं, तू भंगारात घातलीस."

त्याने मेख स्वतःच्या खिशात टाकली. खाली उतरताना जिन्यातच त्याने बिल्डरला फोन लावला. मी चार पायऱ्या मागे राहून कान दिला. "नाही हो," तो म्हणत होता, "आमच्या घराला काही झालेलं नाही. पाणी ठेवून बघितलं ना मी, स्वतः बसून."

मांडवाचा तोडगा बायकोनेच काढला. उरलेला दगडाचा चुरा बादल्यांत भरायचा, त्यात बांबू उभे करायचे आणि दोऱ्या त्यांना बांधायच्या. संक्रांत अजून लांब होती, पण दादाने निघायच्या आधी मोरीतून चार बादल्या स्वतः निवडल्या. आणि चारही उलट्या करून बघितल्या.