सुभद्रावहिनीचं रडणं

आमच्या भागात कुणी गेलं की त्या घरी भेटायला जाण्याला 'दारवर जाणं' म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी आल्या की बायका पदर डोळ्यांवर ओढतात आणि तिथूनच गळा काढतात. मेलेल्याला हाका मारत, त्याचे गुण सांगत, सुरात. दारापर्यंत पोहोचेस्तोवर घरातल्या बायकाही त्यात मिसळतात. माझी थोरली भावजय सुभद्रावहिनी या बायकांबरोबर पदर ओढून चालायची खरी, पण तिच्या पदराआडून आवाज म्हणून यायचा नाही. दारात पोहोचली की ती कुणाच्या गळ्यात पडायची नाही. सरळ आत जायची आणि विचारायची, "घरमा पानी शे का? पोरं जेवनात का?" मग घागर उचलायची आणि विहिरीची वाट धरायची.

मागे बायका नाकं मुरडायच्या. "ही रडाले उनी का पानी भराले?" वहिनीच्या कानावर ते जायचं. ती म्हणायची, "रडाले बाकीन्या शेतस ना. पानी कोन भरी?"

तिचं माहेर कोरीटचं. वडिलांनी हट्टानं सातवीपर्यंत शिकवलेली, त्यामुळे आमच्या गावात लिहिता-वाचता येणारी बाई ती एकटीच. घरात मी, माझी आई म्हणजे माय, थोरला भाऊ आणि वहिनी. वडील आधीच गेलेले. शेती दादा बघायचा, मी गावच्या शाळेत मास्तर होतो. दादाला मूलबाळ नव्हतं. त्यावरून माय अधूनमधून बोलायची, वहिनी ऐकून घ्यायची, आणि संध्याकाळी दोघी एकाच ताटात जेवायच्या.

दादाला मुदतीचा ताप आला तेव्हा नंदुरबारहून डॉक्टर बैलगाडीनं येत. ते सांगतील ते वहिनी करायची. अंग पुसणं, कूस बदलणं, घोट-घोट पाणी. डॉक्टर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, अशी सेवा शिकलेल्या नर्सकडून होत नाही." मला त्यातून आशा वाटली होती. दादा एका दुपारी गेला. वहिनीनं त्याचे डोळे मिटले, पाय सरळ केले, हनुवटीला पट्टी बांधली, मग उठून मायला पाणी दिलं. रडली नाही. गाव लोटलं, बायका तिला धरून हलवत होत्या, "रड वं बाई, रड." ती खांबाला टेकून समोर बघत राहिली.

मीही रडलो नाही. रडावं असं काही आत उरलेलंच नव्हतं. सगळं कुणा दुसऱ्याच्या घरात चाललंय असं वाटत होतं. पण बाप्या माणसाला हे कुणी विचारत नाही. वहिनीचं मात्र गावभर झालं. पाणवठ्यावर मायला बायका तोंडावर सांगायच्या, "तुन्ही सूनना डोयामा टिपूस नही वं." माय घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची.

वर्ष उलटलं आणि वहिनी एक दिवस मला म्हणाली, "भाऊ, माले नर्सना क्लासमा जानं शे. आठे ते माले मरेपर्यंत नुस्तं बसनं शे." डॉक्टरांकडे तिनं स्वतःच निरोप धाडून चौकशी केली होती. मुंबई-पुण्याकडे इंग्रजी लागत होतं. पण नवापूर ओलांडलं की संस्थानाची हद्द, तिथल्या सरकारी इस्पितळातला वर्ग गुजराथीत चाले आणि सातवी झालेल्या बाया घेत. गुजराथी आम्हा सगळ्यांनाच बाजारापुरती येते. अडचण एवढीच की जागा आधी संस्थानच्या प्रजेला. परमुलखातल्या बायांसाठी फक्त दोन, आणि त्या दोनांवर सगळीकडून उड्या. शिवाय बाहेरच्या उमेदवाराला आपल्या गावच्या पोलीस पाटलाचा सदाचरणाचा दाखला हवा.

मला वाटलं होतं त्यापेक्षा मायनं लवकर होकार दिला. मला वाटतं, तिलाही त्या पाणवठ्यावरून सुटका हवी होती.

पाटील माणूस वाईट नव्हता. त्यानं मला ओसरीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि मान खाजवत म्हणाला, "मास्तर, दाखला कसा देऊ? नवरा मरी गया ते बाई रडनी नही. सकाय कोनी इचारं, काय पाहीन तू सही करी, ते मी काय सांगू?" मी म्हटलं, रडण्याचा आणि आचरणाचा काय संबंध? तो म्हणाला, "मन्हाकरता काहीच नही. पन गाव शे ना." मी घरी येऊन सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

आणि त्याच आठवड्यात पाटलाची म्हातारी आई वारली. सारं गाव तिला जिजी म्हणायचं.

मायनं वहिनीला कोपऱ्यात घेतलं. "जाय, दारवर जाय. मोठाघाई रडी दे. पाटील आयकी. दाखला भेटी जाई." मलाही ते पटलं. मी तर कांदा पदराला बांधून न्यायचा सल्ला दिला. वहिनी म्हणाली, "कांदा ते रोजच चिरस मी. त्याले बी आते सरम वाटस." तरी ती गोठ्याआड गेली आणि आम्ही ऐकत राहिलो. तिनं सूर लावून पाहिला. "ओ मन्ही जिजी वं, कोठे गयी वं..." म्हैस दचकली आणि दावं ओढून उभी राहिली. वहिनी बाहेर आली ती हसत. दादा गेल्यावर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मायही हसली.

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या गल्लीत बायकांच्या घोळक्यात ती पुढे होती. मी पुरुषांबरोबर लिंबाखाली बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी गळा काढला तो तिनंच. जिजीनं कुणाच्या बाळंतपणात रात्री जागवल्या, कुणाची भाकर झाकून ठेवली, कुणाच्या पोरीला दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरची ओवाळली, सगळं सुरात, एकामागून एक. इतक्या वर्षांत गप्प राहून तिनं गावातलं काय-काय ऐकून ठेवलं होतं ते त्या दिवशी कळलं. बाकीच्या बायका थांबून तिच्या मागे म्हणू लागल्या. पाटलाची बायको तिच्या गळ्यात पडली. पाटील धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. वहिनीनं पदर वर केला तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. कोरडा होता. जवळच्या दोघींनी पाहिलाच असणार, पण कुणी बोललं नाही.

जिजीचे दिवस झाल्यावर पाटलानं दाखला घरी आणून दिला. वहिनीनं तो वाचला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "धरा. मन्हा हातमा नको."

निवडीला मी तिला घेऊन गेलो. इस्पितळाच्या व्हरांड्यात चाळीसेक बाया, बरोबर बाप, भाऊ, कुणाचा पाद्री. परमुलखातल्याच त्यातल्या निम्म्या असतील. एकेकीला आत बोलवत. दार उघडंच असायचं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू यायचं. मोठी डॉक्टरीणबाई प्रत्येकीला एक प्रश्न हमखास विचारी: तुझा रोगी दगावला तर तू काय करशील? कुणी म्हणे देवाची प्रार्थना करीन. कुणी म्हणे मला रडू आवरणार नाही. वहिनी मोडक्या गुजराथीत म्हणाली, "डोळे मिटीन. पाय सरळ करीन. मग शेजारच्या खाटेवरच्याला पाणी देईन, त्यानं सगळं पाहिलेलं असेल." डॉक्टरीणबाईनं विचारलं, "तुझ्या घरी कोण वारलं?" वहिनीनं दादाचं नाव घेतलं नाही, बायका घेत नाहीत. "घरना माणूस," एवढंच म्हणाली.

दोन जागांतली एक तिला मिळाली. शिपायानं नाव पुकारलं, सामान घेऊन आत या म्हणाला. उद्या नाही, आजच. तिच्याकडे एक गाठोडं होतं. मी फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेलो. आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त परतीच्या गाडीची वेळ आठवत होती.

फाटकात ती थांबली. म्हणाली, "भाऊ, त्या रोज पाटीलना दारवर मी जिजीना नावनंच रडनू. तुमना भाऊनं नाव तोंडवर ई ऱ्हायनं व्हतं. मी येऊ दिधं नही. ते नाव दाखलासाठे नव्हतं."

मी "बरं," म्हणालो. ती आत गेली.

पुढे तिनं वर्ग पुरा केला आणि तिथंच नोकरीला राहिली. सुटीत दोनदा गावी आली, पांढऱ्या लुगड्यात, आणि आल्या-आल्या विहिरीवर गेली. काही वर्षांनी तापाच्या वॉर्डात काम करता करता तिलाच ताप आला. तार मिळून मी पोहोचलो तोवर इस्पितळानं सगळं उरकलं होतं. तिचं सामान घेऊन मी परत आलो. त्या प्रवासातलं मला विशेष काही आठवत नाही. आठवते ती मी तिला फाटकात सोडून घरी आलो ती संध्याकाळ.

माय ओट्यावर बसून होती. शेजारच्या तिघी-चौघी जणी आधीच येऊन बसल्या होत्या.

"भेटनी का जागा?"

"भेटनी."

शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात मायनं विचारलं, "तू निंघना तवय रडनी का ती?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"रडनी, माय," मी म्हणालो. "भलती रडनी."

मायनं पदर डोळ्यांना लावला, शेजारणींकडे वळली आणि म्हणाली, "मी सांगत नव्हती का? मन्ही सून चांगली शे."