क्लबचा दुखवटा

हसा, माझी ना नाही. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. गेल्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या मेव्हण्यांनी नवी कोरी सतरंजी खराब केली आणि बोलणी मात्र मला बसली.

गोष्ट एकोणीसशे सत्तरनंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली. श्रीगोंद्याच्या बाजूला एका नव्या साखर कारखान्याची उभारणी चालली होती. कुठला ते विचारू नका, त्या बिचाऱ्यांचं काही चुकलेलं नाही. जे चुकलं ते एकट्या माझं! मी नगरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला आणि कारखान्यात नुकताच चिकटलेला. चिकटलेला म्हणजे तात्पुरता. काम काय, तर यंत्रांबरोबर आलेल्या परदेशी इंजिनियरचं बोलणं आपल्या लोकांना मराठीत सांगायचं आणि आपल्या लोकांचं त्यांना इंग्रजीत.

चेअरमन म्हणजे आमचे दादा. धोतर, कोट, फेटा, शिक्षण चार यत्ता, पण माणूस नुसत्या नजरेनं तोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं.

"सुदाम, बॉयलर पेटला की तुजी नोकरी पक्की. पन त्यो सायेब मधीच रुसून गेला, तर त्येच्या मागल्या गाडीनं तूबी जायाचं. कळलं?"

कळलं म्हणजे काय! माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी मला पसंत होती, फार पसंत होती. पण तिचे वडील 'जावई कायम होऊ द्या, मग सुपारी फोडू' म्हणून अडून बसले होते. तेव्हा साहेब खूश राहणं ही कारखान्याची गरज होतीच, पण माझी त्याहून मोठी होती.

साहेबांचं नाव यानेझ. देश युगोस्लाव्हिया, त्यातला स्लोव्हेनिया नावाचा डोंगराळ कोपरा. आमच्या लोकांनी त्यांचं 'यानूसायेब' करून टाकलं. धिप्पाड माणूस, आणि मिशी अशी भरघोस की फिटर लोक तिला घाबरून काम करायचे. इंग्रजी म्हणाल तर माझं कॉलेजातलं आणि त्यांचं त्याहून मोडकं. दोन लंगड्यांनी एकमेकांचा हात धरून चालावं तसं आमचं चालायचं. पण चालायचं!

संध्याकाळी काम सुटलं की साहेब बंगल्याच्या ओट्यावर बसायचे आणि त्यांचा एकच विषय निघायचा. त्यांच्या गावचा फुटबॉल क्लब. आता आमच्याकडे कुस्ती, फार तर कबड्डी. फुटबॉल मी चित्रातच पाहिलेला. तरी मी मान हलवत ऐकायचो. नोकरीचा प्रश्न होता ना!

फळीवर संघाचा एक फोटो होता. विटकरी सदऱ्यातले दणकट जवान, हाताची घडी घालून उभे, मध्ये साहेबांचा लाडका गोलकीपर. साहेब म्हणाले, या खेळाडूंना खेळायचा पगार मिळतो. महिन्याच्या महिन्याला.

स्वयंपाक करणाऱ्या शेवंताकाकूंना मी हे सांगितलं. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

"खेळायचा पगार? मंग कामाचं काय देत्यात?"

हे मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं नाही. काही गोष्टी दुभाष्यानं पोटातच ठेवायच्या असतात.

तर झालं असं. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. गुरुवारी बॉयलर पहिल्यांदा पेटवायचा मुहूर्त. मोठमोठे पाहुणे यायचे होते, मांडवाचे बांबू येऊन पडले होते. रविवारी संध्याकाळी साहेब रेडिओला कान लावून बसले. त्या रेडिओची तार त्यांनी थेट लिंबाच्या शेंड्याला बांधली होती. मी आपला घरी गेलो.

सोमवारी सकाळी बंगल्यावर येतो तो शेवंताकाकू दारातच उभ्या.

"सायेब रातीला जेवलं न्हाई. सकाळधरनं च्यालाबी शिवलं न्हाई. आन्... तुमीच बगा जाऊन."

मी आत गेलो. साहेब खुर्चीत बसलेले. डोळे लाल. समोर तो फोटो, फोटोपुढे उदबत्ती जळतेय. आणि मिशी? मिशी नाही हो! सफाचट! वरचा ओठ नुकत्या सोललेल्या बटाट्यासारखा!

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे माणूस मिशी कधी उतरवतो? बाप गेला की! अन्न नाही, पाणी नाही, फोटोपुढे उदबत्ती आणि मिशी गायब. याचा आणखी काय अर्थ होतो? ती उदबत्ती डासांसाठी होती, शेवंताकाकूंनीच साहेबांना तो उपाय सांगितला होता, हे मला नंतर कळलं. सगळं नंतरच कळलं.

बरं, आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. दुखवट्याला गेल्यावर 'कोण गेलं?' असं तोंडावर विचारत नाहीत. खाली मान घालून बसायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि हळूच विचारायचं, 'कसं झालं?' मी तेच केलं. इंग्रजीत केलं, एवढंच.

"साहेब, कसं झालं?"

साहेबांनी फोटोकडे बोट दाखवलं. "पाऊस. फार पाऊस. सगळा चिखल."

म्हणजे बाप नव्हे. ही पोरं!

"अरेरे! मग?"

"शेवटपर्यंत ठीक होतं. अगदी शेवटी एक गेला. लगेच दुसरा."

"आणि तो तुमचा गोलकीपर?"

"चिखलात पडला. तोंड खाली. उठलाच नाही."

"जवळ डॉक्टर नव्हता कोणी?"

"डॉक्टर काय करणार?"

खरंच, काय करणार! मी म्हटलं, "पण साहेब, चूक कोणाची?"

साहेब एकदम उसळले. "तो काळ्या कपड्यातला माणूस! सगळ्यांनी पाहिलं, त्याने पाहिलं नाही! शिट्टीच वाजवली नाही त्याने!"

क्लब रेल्वेच्या कामगारांनी काढलेला, हे मला माहीत होतं. पाऊस, चिखल, पोरांची बस, रेल्वेचं फाटक, न वाजलेली शिट्टी... माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. मी शेवटचं विचारलं, "कोणीच वाचलं नाही?"

साहेबांनी तळहात जमिनीकडे नेला. "अख्खा क्लब खाली."

तुमच्या ध्यानात आलंच असेल. साहेबांचा क्लब शेवटचा सामना हरला होता आणि मोठ्या लीगमधून खालच्या लीगमध्ये ढकलला गेला होता. एक गेला, दुसरा गेला ते गोल, आणि काळ्या कपड्यातला तो सामन्याचा पंच. एवढंच! पण तुम्ही निवांत चहा पीत ऐकताय. मी तिथं त्या मिशीच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो होतो!

धावत दादांकडे गेलो. दादांनी ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"आख्खी टीम?"

"अख्खी, दादा."

"आरारारा! तरनीताठी पोरं!" मी घाबरत घाबरत म्हणालो, "गुरुवारचं काय करायचं?"

"बॉयलर कुटं पळून चाल्लाय व्हय? आदी मानूस बगायचा. त्येला हितं भाऊ न्हाई, भावकी न्हाई. आपुनच त्येची भावकी. चल, सांगावा धाड."

दादांचा हा मोठेपणा मी अजून विसरलेलो नाही. इतका मोठा माणूस, आणि त्याला मी काय सांगितलं होतं!

संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यापुढे पाय ठेवायला जागा उरली नाही. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेवंताकाकूंनी चूल विझवून टाकली आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका भाकरी-पिठलं बांधून घेऊन आल्या. पार मिरजगावापर्यंत बातमी गेली होती. भजनी मंडळी नुसते टाळ घेऊन बसली. कोणी मोठ्यानं बोलेना.

साहेब दारात आले आणि थबकले. "एवढे लोक का?"

"तुमच्या क्लबसाठी, साहेब."

"क्लबसाठी?" साहेब पायरीवर धपकन बसले. एका म्हातारीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. साहेबांचेही डोळे भरले. ते बघून गर्दी आणखी गलबलली.

दादा म्हणाले, "सुदाम, चार शबुद बोल. कशी पोरं हुती, काय हुती, लोकास्नी कळू दे."

मी उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी असा बोललो की तसा पुन्हा जन्मात बोललो नाही. म्हटलं, मंडळी, एक लहानसं गाव. तिथं रेल्वेचा कारखाना. लोखंड ठोकून दमलेल्या माणसांनी कारखान्यामागच्या पडीक रानात हा क्लब काढला. सदऱ्यांना विटकरी रंग का, तर डब्यांना द्यायचा रंग तोच उरलेला होता. साहेबांच्या वडिलांनी गोलचे खांब स्वतः पुरले. मग महायुद्ध आलं. शत्रूनं गाव घेतलं, क्लबला कुलूप लावलं, मैदानावर घोडे बांधले. खेळणारी पोरं डोंगरात शिरून लढली. निम्मी परत आली नाहीत. पण जी आली त्यांनी फावडी घेतली, घोड्यांची लीद उपसली आणि पुन्हा चेंडू टाकला! पुढं लहानाचा क्लब मोठा झाला, पार राजधानीच्या क्लबांशी भिडला. आणि काल, मंडळी... काल...

एवढ्यावरच मी खाली बसलो. बायका हुंदके देत होत्या. एक फिटर, जो साहेबांना रोज शिव्या द्यायचा, तो लहान पोरासारखा रडत होता.

दादा उठले. रीतीप्रमाणे साहेबांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. साहेबांनी त्यांना कडकडून मिठी मारली आणि मला म्हणाले, मी बोलणार, तू सांग.

"मित्रांनो, आज माझ्या देशात लोक आम्हाला हसत असतील. माझा मेव्हणा तर नक्कीच हसत असेल. आणि इथे तुम्ही रडताय!"

मेव्हण्याचं मी गाळलं. म्हटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो.

"काळजी करू नका. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा वर येऊ."

मी सांगितलं, "साहेब म्हणतात, पुढल्या वर्षी ती पोरं परत येतील."

"येत्याल! येत्याल!" भजनी मंडळींतले म्हातारबाबा ओरडले. "आत्मा कुटं मरतोय व्हय?" आणि त्यांनी खणकन टाळ वाजवला.

साहेबांनी टोपीवर हात ठेवला. "आणि ही टोपी मी आमच्या गोलकीपरला देणार. बिचारा आठवडाभर घराबाहेर पडायचा नाही."

मी तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. मग साहेबांच्या कानाशी लागलो.

"साहेब, कुठल्या घराबाहेर?"

"त्याच्या. माझ्या आईच्या शेजारी राहतो."

"राहतो? म्हणजे... जिवंत आहे?"

साहेब दचकले. "का? आमच्या लोकांनी मारलं की काय त्याला?"

"मग तुमची मिशी?"

"मेव्हण्याशी पैज! क्लब खाली गेला तर माझी, राहिला तर त्याची."

आता समोर बघावं तर अख्खा गाव माझ्या तोंडाकडे बघतोय. माझी नोकरी, माझी सुपारी, माझं लग्न सगळं त्या एका ओट्यावर उभं होतं आणि पायाखालचा ओटाच सरकत होता.

"काय म्हनत्यात सायेब?" दादांनी विचारलं.

मी त्यांच्या कानात सगळं सांगितलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं म्हणून सांगू! मग त्यांनी गर्दीकडे पाहिलं, त्या रडवेल्या म्हातारीकडे पाहिलं, टोपी घालून खुशीत उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"मंडळी, सायेब म्हनत्यात, तुमचं उपकार फिटायचं न्हाईत. आता चार घास खावा आन् दमानं घरला जावा."

गुरुवारी बॉयलर ठरल्या मुहूर्तावर पेटला. इतकंच नाही, साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून जीव ओतून काम केलं. पूजेला ते टोपी-टॉवेलातच बसले. पाहुण्यांनी विचारलं तर दादा म्हणाले, "आमच्या घरचंच हायती." शेवंताकाकूंनी मात्र माझ्या पुढचा चहा चार दिवस बंद ठेवला होता.

शुक्रवारी दादांनी मला ऑफिसात बोलावलं. मी चपला बाहेर काढतानाच मनात सामान बांधायला घेतलं होतं.

"सुदाम, शबुद दिलाय त्यो पाळतो. तुजी नोकरी पक्की."

मी पायाच पडायला वाकलो.

"थांब, समदं ऐक. पन सायबाकडं न्हाई. तू केनयार्डात जायाचं. उसाच्या बैलगाड्या लावून घ्यायाच्या. बैल काय बोलत न्हाई, मंग तू भलतंच समजून घ्यायाचा परश्नच न्हाई."

सुपारी फुटली, लग्न झालं. हंगाम लागला आणि मी केनयार्डात हजर झालो. म्हटलं, सुदाम, आता कोणाच्या सुखदुःखात पडायचं नाही. उसाच्या गाड्या रांगेत लावायच्या आणि घरी जायचं.

दुसऱ्याच दिवशी एक गाडी दिसली. जुवाच्या एका अंगाला एकच बैल, मान खाली घातलेली, डोळ्यांतून पाण्याची धार, पुढ्यातल्या वैरणीला तोंड लावेना. जोडीदाराची जागा रिकामी. गाडीवान बाजूला डोक्याला हात लावून बसलेला. मला राहवलं नाही हो! माणूस आहे मी. जवळ गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणालो,

"पाव्हणं, कसं झालं?"

गाडीवानानं वर पाहिलं.

"काय कसं झालं? पोरगं पानी पाजाया घेऊन गेलंय त्येला. आत्ता यील की!"