बाबांच्या उंचीवर

दहिसरला नदीजवळच्या शेडमध्ये आमच्या दोन घोड्या आहेत आणि वरातीची बग्गी आहे. बग्गी जोडायची म्हणजे आधी दोघींवर साज चढवायचा, मग मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना त्यांना उभं करून पट्टे आवळायचे. परवा नवऱ्या मुलाचा मामा सारखा फोन करून "निघालात का?" विचारत डोकं खात होता. मी भडकलो, फोन खिशात कोंबला आणि साज उचलला.

गळ्याचा पट्टा डोक्यावरून घालावा लागतो. धाकटी माझ्या हाताखाली तयार झाली, ती मान ताठ ठेवते. मी ताडमाड, मला ते बरं पडतं. थोरलीला बाबांनी शिकवलं. बाबा बुटके, म्हणून पट्टा दिसला की ती मान पार खाली आणते. बाबा गेले, तिची सवय राहिली. आधी मी चिडायचो, तिची हनुवटी वर ढकलायचो. ती पुन्हा खाली.

आता कुणापुढे न वाकणारा मी तिच्यापुढे वाकतो. तेवढं वाकलं की तिचा डोळा अगदी समोर येतो. बाबा रोज हेच बघत असणार.

"थँक्यू गं," मी म्हणालो. खिशात मामाचा फोन वाजत होता. वाजू दिला.