पाण्याचं कडवं

या, जवळ बसा. आधी थोडं रागावते – ग्रुपवर दुसऱ्यांचे भुताचे अनुभव आवडीने वाचता, या म्हातारीची मात्र कुणी विचारपूस करत नाही. असू दे. माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता... भुताबितांवर अजूनही नाही.

मी अलिबागजवळच्या आगरी गावातली धवलारीण. आमच्याकडे लग्नाचा एकेक विधी धवले गाऊन होतो, ते गाणारी ती धवलारीण. सासूबाईंनी सगळं शिकवलं, फक्त विहिरीवरून पाणी आणतानाचं कडवं राहिलं आणि त्या गेल्या. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. ती वेळ आली की मी वाजंत्र्यांना खूण करायची, जोरात वाजवा, आणि नुसते ओठ हलवायची. घरी आल्यावर मात्र जेवण जायचं नाही... नवरीला अर्धंच देऊन आल्यासारखं वाटायचं.

गावच्या संग्रहालयासाठी सायली नावाची मुलगी धवले रेकॉर्ड करायला आली. माइकपुढे कुठले वाजंत्री? त्या कडव्यापाशी थांबले, म्हटलं, "बाळा, हे मला येत नाही." तिने वहीत लिहिलं – पाण्याचं कडवं नाही. मी पुढचं गायले.

उद्घाटनाला काशीदहून माझ्या थोरल्या नणंदबाई, अनसूया वन्सं, आल्या होत्या. तिथे पडद्यावरच्या घागरीला बोट लावलं की धवला लागतो. मी हेडफोन लावले, तर... मीच गातेय, आणि न थांबता पाण्याचं कडवंही गातेय. आवाज माझा, खोकलासुद्धा माझा.

हेडफोन वन्संना दिले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आयेचंच हाय गं. मला गाता येत न्हाय, पण हे कशी इसरन? येत व्हतं तर इतकी वर्सं वाजंत्र्यांच्या मागं का लपलीस?"

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं.

सायलीने लॅपटॉपवर मूळ रेकॉर्डिंग लावलं. तेच. "आजी, यात कुठेच काही जोडलेलं नाही," ती म्हणाली. वहीत मात्र 'नाही' तसंच.

मी तिथेच बसून ऐकून ऐकून ते पाठ केलं – माझ्याच तोंडून शिकले म्हणा. पुढच्याच लग्नात मोकळ्या गळ्याने गायले आणि घरी येऊन पोटभर जेवले.

हे कसं झालं, सायलीला सांगता येत नाही, मलाही नाही. ते कडवं आता शेजारच्या दोघी सुनांना शिकवतेय. तुम्हीही ऐका, पण पडद्यावर नको, माझ्या ओटीवर बसून. दुपारी मी घरीच असते. लवकर या.